अँक्झायटीवरच्याच कादंबऱ्या वाचणारी मुलगी: पुस्तकं काढून घ्यावीत का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी पंधरा वर्षांची, इंग्रजी माध्यमात, यंदा दहावीला. वर्षभर ती एकाच जातीच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतेय. प्रत्येकीत नायिकेला अँक्झायटी (सतत छळणारी चिंता), पॅनिक अटॅक (अचानक येणारा भीतीचा झटका) नाहीतर ओसीडी (नकोसे विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार). एक संपली की दुसरी. मध्यंतरी जेवताना ती सहज म्हणून गेली, "मला पण सोशल अँक्झायटी आहे," म्हणजे चारचौघांत वावरायची भीती. बाबांचं म्हणणं, ही सगळी पुस्तकांतून आलेली थेरं, दहावी होईपर्यंत कपाटाला कुलूप लावा. आजी म्हणते, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आणि आईला उमगत नाहीये की पुस्तकांमुळे मुलीचं मन बिघडतंय, की मन आधीच बिघडलंय म्हणून ती ही पुस्तकं वाचतेय.

मी पुण्यात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते. मुलीला न भेटता तिला अँक्झायटी आहे की नाही, हे मी सांगणार नाही, आणि असं परस्पर कुणी सांगितलं तर मानू नका. लहानपणापासून बुजरी असलेली मुलगी आणि गेल्या सहा महिन्यांत एकदम मिटलेली मुलगी, दोघींच्या हातात एकच पुस्तक असलं तरी माझं उत्तर वेगळं असेल. पण या पुस्तकांबद्दल आणि ती वाचणाऱ्या मुलींबद्दल मला बरंच सांगता येईल.

तुमचा प्रश्न दुसऱ्यांदा वाचला तेव्हा एक वाक्य खटकलं: "तासन्‌तास वाचते, पण काय गं झालं विचारलं तर 'काही नाही' म्हणते." माझ्या मते खरी कळ इथे आहे. मुलीचं जे काही चाललंय ते कुठल्या तरी परक्या गावातल्या पुस्तकातल्या मुलीपाशी मोकळं होतंय, आणि आईला मात्र दाराबाहेर उभं राहावं लागतंय. पुस्तकं काढून घेतल्याने ही कळ जाणार नाही. उलट तिच्या मनात काय शिजतंय याचा तुमच्या हातात असलेला एकमेव सुगावा तेवढा जाईल.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या दप्तरांत या कादंबऱ्या असतातच. काही अप्पा बळवंत चौकातून कोऱ्या घेतलेल्या, काही फुटपाथवरच्या, फिकट छपाईच्या, पानं सुटायला आलेल्या. पानांच्या कडेने रंगीत चिकट पट्ट्या लावलेल्या. एका मुलीने मला त्या रंगांचा हिशेब समजावून दिला होता (ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलते). पिवळी म्हणजे वाक्य आवडलं, निळी म्हणजे रडू आलं, गुलाबी म्हणजे "हे माझंच आहे". गुलाबी सगळ्यांत जास्त होत्या. तिने स्वतःहून एक पान उघडून दाखवलं. मला वाटलं तिथे पॅनिक अटॅकचा प्रसंग असेल. तसं काही नव्हतं. वर्गात हजेरी चालू आहे आणि आपलं नाव येईपर्यंत नायिका एकच शब्द मनात घोळवत बसते, आवाज चिरकणार तर नाही ना म्हणून. एवढंच. ती म्हणाली, "मॅम, मला वाटायचं असं फक्त मीच करते."

या वयातल्या मुलांना ही पुस्तकं का आवडतात याचं मोठं कारण इथे आहे. भीती बाहेरून दिसत नाही. वर्गातली पन्नास मुलं हजेरी देतात, सगळी निवांत दिसतात, आणि जिच्या पोटात गोळा आलाय तिला वाटतं बिघाड आपल्यातच आहे. दुसऱ्याच्या डोक्यात आतून काय चालतं हे सिनेमातसुद्धा क्वचित कळतं. 'मी' म्हणून बोलणाऱ्या कादंबरीत ते पानोपानी कळतं. दुसरं कारण फारसं कुणी लक्षात घेत नाही. पुस्तकातली भीती हवी तेव्हा मिटून ठेवता येते. छातीतली धडधड आपल्या सोयीने थांबत नाही, पण प्रकरण मध्येच सोडून पाणी पिऊन येता येतं. म्हणून काही मुली परीक्षेच्या दिवसांत आधी वाचलेलीच कादंबरी पुन्हा काढून बसतात. चिंता अनिश्चिततेवर पोसली जाते, आणि शेवट माहीत असलेल्या गोष्टीत अनिश्चितता नसते. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

हा काही माझ्या एकटीचा लाडका समज नाही. इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाचनालयांत 'रीडिंग वेल' नावाची योजना चालते. त्यात २०१६ पासून किशोरवयीनांसाठी मानसिक आरोग्यावरच्या पुस्तकांची वेगळी यादी आहे, तज्ज्ञांच्या मदतीने केलेली, आणि त्या यादीत माहितीपर पुस्तकांबरोबर कादंबऱ्याही आहेत. आपल्याकडे किशोरवयातल्या मनाचं फार सुंदर लेखन झालंय. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे. पण आजच्या कोचिंग क्लासमधल्या मुलीला वर्गात अचानक श्वास लागतो तेव्हा आत काय होतं, हे सांगणारं मराठी पुस्तक तिच्या हाती सहजी पडत नाही. तिने इंग्रजी कपाटाकडे वळणं साहजिक आहे.

आता या कपाटातलं सगळंच सारखं नाही, आणि इथे आईने थोडं डोळसपणे बघायला हवं.

जॉन ग्रीन यांची २०१७ साली आलेली 'टर्टल्स ऑल द वे डाउन' घ्या. नायिका एझा, सोळा वर्षांची, इंडियानापोलिस शहरात राहणारी, तिला ओसीडी आहे. ती बोटाच्या टोकाची जखम नखाने पुन्हा पुन्हा उघडते, जंतू राहिले असतील या शंकेने ती साफ करते, नवी पट्टी चिकटवते, आणि थोड्या वेळाने परत तेच. लेखक स्वतः ओसीडी घेऊन जगतात आणि त्याबद्दल जाहीरपणे बोलतात, त्यामुळे हे चित्रण आतून आलेलं आहे. आपल्याकडे कपाट नीट लावणाऱ्या कुणालाही "तिला ओसीडी आहे" म्हणायची पद्धत पडलीय. ही कादंबरी वाचलेली मुलगी तसं म्हणणार नाही. मला त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की एझाला एक मुलगा आवडतो, तोही तिच्यावर जीव लावतो, आणि तरीही आजार जागचा हलत नाही. शेवटी ती खडखडीत बरी होत नाही. उपचार चालू राहतात, चढउतार येतात, आयुष्य पुढे जातं. वाचायला मात्र काही पानं जड आहेत. हॉस्पिटलमध्ये ती हात धुण्याचं सॅनिटायझर तोंडात घालते. ज्या मुलीला स्वतःलाच अशा कृतींचा झटका येतो, तिच्यासोबत हे पुस्तक कुणा मोठ्याने वाचलेलं असणं बरं.

दुसऱ्या टोकाला जे ॲशर यांची २००७ मधली 'थर्टीन रीझन्स व्हाय', आत्महत्या केलेल्या मुलीची गोष्ट. तिच्यावरची नेटफ्लिक्स मालिका २०१७ मध्ये आली तेव्हा त्यातल्या आत्महत्येच्या तपशीलवार दृश्यावर अनेक देशांतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि २०१९ मध्ये ते दृश्य काढून टाकण्यात आलं. ही काळजी जुनी आहे. जर्मन लेखक गटे यांच्या १७७४ मधल्या एका कादंबरीतल्या, स्वतःला संपवणाऱ्या वेर्थर या तरुणाचं अनुकरण होतंय म्हणून ती काही ठिकाणी बंद केली गेली होती, आणि १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्यांत होणाऱ्या वाढीला त्याच वेर्थरचं नाव दिलं. पण याची दुसरी बाजू २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी मांडली: संकटात सापडलेला माणूस त्यातून कसा तगला, हे सांगणाऱ्या बातम्यांनंतर आत्महत्यांचं प्रमाण कमी दिसलं.

यावरून मी पुस्तकाकडे बघायची माझी पद्धत बसवलीय. विषय किती काळा आहे हे मी बघत नाही. नायिका कुणाला तरी सांगते का, आणि सांगितल्यावर काय होतं, हे बघते. मदत करणारी मोठी माणसं सगळीच मूर्ख दाखवलीत का? स्वतःला इजा करण्याची रीत पाककृतीसारखी दिलीय का? आणि प्रेमात पडल्याबरोबर अँक्झायटी पळाली असं दाखवलंय का? हा शेवटचा दोष या जातीच्या कादंबऱ्यांत फार आढळतो आणि तो मला सगळ्यांत घातक वाटतो. पंधराव्या वर्षी मुलगी त्यावर पटकन विश्वास ठेवते आणि मग चुकीच्या माणसाकडून उपचाराची अपेक्षा धरते.

आता "मला पण सोशल अँक्झायटी आहे" या वाक्याकडे येते.

बाबांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. मानसशास्त्रातल्या संज्ञा रोजच्या वापरात हळूहळू पसरत जातात, यावर ऑस्ट्रेलियातल्या निक हॅस्लम यांनी २०१६ मध्ये सविस्तर लिहिलं. २०२३ मध्ये ल्यूसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या संशोधकांनी पुढची शंका मांडली: मानसिक आजारांबद्दल सतत ऐकणारी काही मुलं नेहमीची धाकधूक आजार म्हणून वाचू लागतात, मग त्या नावाला साजेसं वागू लागतात, गोष्टी टाळू लागतात, आणि टाळण्यामुळे भीती खरोखरच वाढते. ही साखळी मी डोळ्यांनी पाहिलीय. आजीलाही उत्तर आहे. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळला. आजींच्या वर्गातही अशी मुलं असणारच. त्यांना भित्री, लाजाळू, नाहीतर "शाळा आवडत नाही" म्हणून सोडून दिलं जायचं.

तेव्हा तिने आजाराचं नाव घेतलं म्हणून दचकू नका आणि खोडूनही काढू नका. "छे, तुला कसली अँक्झायटी!" हे वाक्य ऐकलेली मुलगी पुढचं काही सांगत नाही. त्या नावाचं ती काय करते इकडे लक्ष द्या.

कसं ओळखायचं? एक प्रसंग सांगते. घरात चुलत बहिणीचं लग्न आहे. मुलगी कार्यालयात येते, दोन मावश्यांना नमस्कार करते, मग कोपऱ्यातली खुर्ची पकडून कादंबरी उघडते. पंगतीच्या वेळी उठून जेवायला येते. कुणी विचारलं तर दोन वाक्यं बोलते. ही मुलगी पुस्तक हातात धरून का होईना, लग्नाला आली. तिला तसंच वाचू द्या, "पुस्तक ठेव आणि सगळ्यांत मिसळ" म्हणून चारचौघांत टोकू नका. आता दुसरं चित्र. सकाळपासून पोटात दुखतंय, घरी थांबते, सगळे गेल्यावर दुखणं थांबतं आणि दिवसभर वाचन. पुढच्या वेळी साखरपुडा, मग वाढदिवस, मग शाळेचं गॅदरिंग, मग सोमवारची शाळा. इथे पुस्तक तिच्यासाठी दार बंद करायचं साधन झालंय. पुस्तक तेच, दोन्हीकडे तासही तेवढेच. पहिलीचं जग आहे तेवढं आहे, दुसरीचं महिन्यागणिक आकसत चाललंय. तुमची मुलगी यातली कोणती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. गेल्या वर्षी ती करत होती आणि आता करत नाही अशा गोष्टी आठवून बघा: रिक्षावाल्याशी बोलणं, दुकानातून सामान आणणं, मैत्रिणीकडे जाणं, वर्गात हात वर करणं.

यादी वाढत असेल तर आणखी एक बघावं लागतं, आणि ते आईबाबांबद्दल आहे. मुलीला त्रास होतो म्हणून आपण तिच्या वतीने फोन करतो, शिक्षकांशी बोलतो, हॉटेलात तिची ऑर्डर देतो. मायेने करतो, पण त्याने भीती तिच्या अंगी मुरते. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी 'स्पेस' नावाची उपचारपद्धत आखलीय. तिच्यात मूल खोलीत येतही नाही, फक्त पालक येतात आणि आपलं हे वागणं हळूहळू बदलायला शिकतात. तिचा परिणाम मुलाला दिलेल्या सीबीटी या, विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या प्रस्थापित उपचारापेक्षा कमी नाही असं चाचणीत दिसलं. त्यातलं एक सूत्र घरी लगेच वापरता येतं: एकाच दमात दोन गोष्टी सांगायच्या. "तुला हे जड जातंय हे मला दिसतंय, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे." नुसतं पहिलं म्हटलं तर ती दुबळी ठरते, नुसतं दुसरं म्हटलं तर एकटी पडते.

दरम्यान तिचं रक्त तपासून घ्या. हे मी प्रत्येक आईला सांगते. हिमोग्लोबिन कमी असेल तर धडधड होते, दम लागतो, चक्कर येते. थायरॉइड जास्त काम करत असेल तर हात थरथरतात, झोप उडते. हे सगळं अँक्झायटीसारखंच दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, तेव्हा ही शंका फाजील नाही. रात्री जागायला कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेतेय का, तेही विचारा.

आणि पुस्तकापेक्षा मला फोनची जास्त काळजी वाटते. तीनशे पानांची कादंबरी एका माणसाची सगळी गोष्ट सांगते, त्यात आई असते, मैत्रीण असते, चुकणं-सावरणं असतं. रील अर्ध्या मिनिटात पाच लक्षणं मोजून दाखवतं आणि लगेच तसलंच पुढचं आणतं. तसंच मैत्रिणींचं. दोघी मिळून तोच त्रास रोज रात्री उगाळत बसल्या तर मैत्री घट्ट होते, पण मन आणखी खचतं. अमांडा रोझ या संशोधिकेने २००२ पासून मुलींच्या मैत्रीतला हा प्रकार अभ्यासलाय. पुस्तकावर बंदी आणि फोन मोकळा, अशी घरं मी बरीच बघते. निवड करायचीच तर मी उलटी करेन.

बोलायचं कसं? तिच्याकडून एक पुस्तक मागून घ्या. "तुला त्यातलं सगळ्यांत जास्त आवडलेलं मला दे, मला वाचायचंय," एवढंच. इंग्रजी जड गेलं तरी चालेल, सावकाश वाचा, अडेल तिथे तिलाच विचारा. आईला काहीतरी समजावून सांगायची संधी मुलींना फार आवडते. मात्र तिच्या पट्ट्या लावलेल्या आणि कडेने लिहिलेल्या प्रती तिच्या नकळत चाळू नका, ती तिची रोजनिशीच असते. वाचून झालं की तिच्याबद्दल विचारू नका, नायिकेबद्दल विचारा. "तिने आईला आधी का नाही सांगितलं?" "तिची मैत्रीण वैतागली ते बरोबर होतं का?" आणि उत्तर आलं की गप्प राहून ऐका. समोरासमोर बसून केलेली चौकशी जमत नाही. स्कूटरवर मागे बसलेली मुलगी, शेजारी बसून शेंगा सोलणारी मुलगी जास्त बोलते, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. पुस्तक परत देताना त्याला उपदेश जोडू नका. पहिल्या वेळी काही निघालं नाही तर दुसरं पुस्तक मागा.

दहावीबद्दल बाबांना सांगा, वेळ ठरवायला हरकत नाही. अभ्यास झाल्यावर झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास वाचन, फोन दुसऱ्या खोलीत. अभ्यासाच्या वेळेत वाचत असेल तर अवश्य हटका, पण वेळेवरून हटका, विषयावरून नको. "हे असलं वाचू नकोस" म्हटल्याने तिला एवढंच कळतं की हे असलं या घरात बोलायचं नाही.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. शाळा बुडायला लागली, झोप किंवा जेवण काही आठवडे बिघडलेलं आहे, अंगावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा दिसल्या, उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते, आपण नसतो तर बरं अशा अर्थाचं बोलली किंवा लिहिलं, तर थेट विचारा: "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, सांगायची वाट मोकळी होते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्रीअपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एरवी, वर सांगितलेली आकसत जाणारी यादी तुमच्याकडे वाढत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पहिल्या भेटीत तिला काही वेळ एकटीने आत बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. तिच्या जिवाला धोका असेल तरच तुम्हाला सांगितलं जाईल, बाकी बोलणं तिचं आणि त्यांचं राहील, हे घरून निघण्यापूर्वीच तिला सांगून ठेवा.